शाळेच्या वाट्याचा रुपया: राज्याचं शिक्षण-बजेट पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

बहुतेक वर्षी मार्चमध्ये अर्थमंत्री विधानसभेत भाषण वाचतात, त्याच वेळी विधान परिषदेत राज्यमंत्री तेच भाषण वाचतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चौकटी येतात. शेतीला इतके कोटी, रस्त्यांना इतके, शिक्षणाला इतके. मग शाळा व्यवस्थापन समितीत बसणारे पालक, नुकतेच रुजू झालेले शिक्षक, एखाद्या संस्थेत काम करणारी तरुण मुलं विचारतात, ‘यंदा शिक्षणाचा पैसा वाढला की घटला?’ त्या चौकटीत याचं उत्तर नसतं. ते वित्त विभागाच्या पुस्तिकांमध्ये असतं, आणि या पुस्तिका कुणालाही उघडून वाचता येतात. लागणारं गणित सातवीतलं आहे: बेरीज, भागाकार, टक्केवारी. बाकी हवा तो निवांत आठवडा आणि कुठल्या कागदात काय दडलंय याची थोडी ओळख.

उदाहरणं महाराष्ट्राची घेतली आहेत. पण खर्चाची प्रधान शीर्षं, म्हणजे हिशेबाचे मोठे कप्पे, देशभर एकच असल्यामुळे पणजी, बेळगाव किंवा इंदूरला बसून आपापल्या राज्याचं बजेट वाचणाऱ्यालाही ही पद्धत चालेल.

पायरी १: भाषण वाचा, पण विभागाचा आकडा तिथून उचलू नका

१० मार्च २०२५ रोजी अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च ७,००,०२० कोटी रुपये, महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे ४५,८९१ कोटींची महसुली तूट. हे मोठे आकडे भाषणातून घ्यायला हरकत नाही. घोळ होतो तो विभागांच्या आकड्यांत.

भाषणात ‘अमुक विभागास अमुक कोटी रुपये नियतव्यय (म्हणजे ठरवून दिलेली रक्कम) प्रस्तावित’ असं वाक्य येतं. ती रक्कम फक्त कार्यक्रम खर्चाची असते. सरकारी खर्चाचे दोन भाग पडतात. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, चालू आस्थापना हा अनिवार्य खर्च. योजना आणि नवी कामं हा कार्यक्रम खर्च. २०१६-१७ पर्यंत यांनाच योजनेतर आणि योजनांतर्गत म्हणत, जुने कागद चाळताना ते शब्द भेटतील. शालेय शिक्षणात बहुतेक पैसा शिक्षकांच्या पगाराचा असल्यामुळे भाषणातला आकडा गेली काही वर्षं दोन-तीन हजार कोटींच्या घरात दिसतो, आणि विभागाची खरी एकूण तरतूद मात्र पन्नास हजार कोटींच्या कितीतरी पुढे असते. मग कुणीतरी तीन हजार कोटींना सात लाख कोटींनी भागतो आणि ‘शिक्षणावर अर्धा टक्काही नाही’ असं लिहून मोकळा होतो. शिक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी अशी चूक केली की पुढचं खरं म्हणणंही कुणी ऐकून घेत नाही. म्हणून ही पायरी पहिली.

भाषणाचा उपयोग घोषणांची यादी करायला होतो. वहीत प्रत्येक घोषणेपुढे तीन गोष्टी लिहा: किती वर्षांसाठी, कोणाचा पैसा, किती शाळांना किंवा मुलांना. ९ मार्च २०२३ च्या भाषणातलं पीएमश्री शाळांचं, म्हणजे निवडक शाळा आदर्श करण्याच्या केंद्राच्या योजनेचं, उदाहरण घ्या. ८१६ शाळा, पाच वर्षांत १५३४ कोटी. ऐकायला भक्कम. पाचाने भागलं की वर्षाला सुमारे ३०७ कोटी. त्यात केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के धरले तर राज्याच्या तिजोरीतून वर्षाला साधारण १२३ कोटी. एका शाळेला वर्षाला अदमासे ३७-३८ लाख, जे एका शाळेसाठी खरोखर चांगलं आहे. पण राज्यात एक लाखाहून अधिक शाळा आहेत. ८१६ म्हणजे त्यातली शंभरात एकही नाही. या तीन भागाकारांनंतर घोषणा जशी आहे तशी दिसायला लागते.

पायरी २: कागद जमवा

सगळं एकदम उतरवून घेतलंत तर दोन दिवसांत दमून जाल. सुरुवातीला एवढं पुरे.

बजेटच्या जरा आधी येणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’. ती अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं. तिच्यातून शाळा, विद्यार्थी आणि शिक्षक यांची संख्या घ्या. मग वित्त विभागाच्या संकेतस्थळावरून शालेय शिक्षण व क्रीडा विभागाच्या मागण्यांची पुस्तिका (मागणी म्हणजे विभागाने खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेली रक्कम). खर्च प्रत्यक्षात कसा होतो आहे हे बघायला ‘बीम्स’ नावाची सरकारी संगणक प्रणाली, जिच्यात तरतूद किती, वितरित किती, खर्च किती हे दिसतं. शासन निर्णयांचं संकेतस्थळ, म्हणजे आपण ज्यांना जीआर म्हणतो ते. आणि यू-डायस प्लस या देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या प्रणालीची आकडेवारी. समग्र शिक्षा अभियान या केंद्र-राज्याच्या एकत्रित योजनेसाठी केंद्राच्या प्रकल्प मान्यता मंडळाची इतिवृत्तंही लागतील, पण ती पायरी पाचला.

पायरी ३: आकड्यांचे पत्ते ओळखा

पुस्तिका उघडली की डोळ्यांपुढे नुसते अंक नाचतात. ते पत्ते आहेत असं समजा. टपालाच्या पत्त्यासारखे मोठ्याकडून लहानाकडे जाणारे.

मंत्रालयातल्या प्रत्येक विभागाला एक इंग्रजी अक्षर आहे, काहींना दोन. शालेय शिक्षणाचं अक्षर ई. त्यातली मागणी क्रमांक ई-२, ‘सर्वसाधारण शिक्षण’, ही तुमची मुख्य मागणी. उच्च व तंत्र शिक्षणाचं अक्षर डब्ल्यू. कॉलेजांचा पैसा तिकडे. आदिवासी विकास विभागाचं टी, सामाजिक न्यायाचं एन.

त्याच्या खाली चार अंकी प्रधान शीर्ष. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२०३ तंत्रशिक्षण, २२०४ क्रीडा व युवक सेवा. ४ ने सुरू होणारा आकडा भांडवली खर्चाचा, म्हणून शिक्षणाची सरकारी बांधकामं ४२०२ मध्ये. २२०२ च्या पुढचे दोन अंक स्तर सांगतात: ०१ प्राथमिक, ०२ माध्यमिक, ०३ विद्यापीठ व उच्च शिक्षण. त्यानंतरचे तीन अंक गौण शीर्षाचे. प्राथमिकमध्ये १०१ सरकारी शाळा, १०२ खाजगी शाळांना सहाय्य, १०३ स्थानिक संस्थांना सहाय्य. माध्यमिकमध्ये ११० म्हणजे खाजगी माध्यमिक शाळांना सहाय्य. महाराष्ट्रात प्राथमिक शाळा मुख्यतः जिल्हा परिषदांच्या आणि महापालिकांच्या, तर माध्यमिक शाळा मुख्यतः खाजगी अनुदानित संस्थांच्या. म्हणून इथे ‘सरकारी शाळा’ या ओळीत रक्कम लहान दिसते. ‘सरकारने सरकारी शाळांना काहीच दिलं नाही’ असा निष्कर्ष तिथून काढू नका. जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा पगार अनुदान म्हणून दुसऱ्या ओळीत बसलेला असतो.

७८९ आणि ७९६ हे दोन गौण शीर्ष लक्षात ठेवा. पहिलं अनुसूचित जातींच्या घटक कार्यक्रमाचं, दुसरं आदिवासी क्षेत्राच्या कार्यक्रमाचं. एकाच योजनेचे पैसे सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि आदिवासी अशा तीन ठिकाणी, बहुतेकदा तीन वेगळ्या विभागांच्या मागण्यांत विखुरलेले असतात. तिन्हींची बेरीज केल्याशिवाय योजनेची तरतूद पूर्ण होत नाही.

पत्त्याचा शेवटचा भाग उद्दिष्ट शीर्ष, म्हणजे पैसा नेमका कशावर जाणार. ०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च, ३१ सहायक अनुदाने (वेतनेतर), ३६ सहायक अनुदाने (वेतन), ५३ मोठी बांधकामं. या पाचांवर बरंच काम भागतं.

पुस्तिकेच्या डोक्यावर एकक लिहिलेलं असतं. रुपये हजारांत, लाखांत की कोटींत हे आधी बघा. हजारांत ५२,४०,००० लिहिलं असेल तर ते ५२४ कोटी. एखाद्या ओळीत हजारांमध्ये नुसता १ दिसला तर ती छपाईची चूक नाही. ती हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद आहे. लेखाशीर्ष, म्हणजे हा सगळा पत्ता, उघडून ठेवलंय, पैसा अजून यायचाय. जाहीर झालेली योजना अशा ओळीत सापडली तर वहीत लाल शाईने खूण करा.

पायरी ४: चार रकाने, आणि सगळ्यात महत्त्वाची सवय

प्रत्येक ओळीपुढे चार आकडे असतात. डावीकडून: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित (म्हणजे वर्ष सरताना दुरुस्त केलेला) अंदाज, येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. बजेट वाचणं म्हणजे या चार आकड्यांना एकमेकांशी बोलतं करणं. इथे घाई करू नका.

समजा, एका योजनेची ओळ अशी आहे: प्रत्यक्ष २०२३-२४: ६२ कोटी. अर्थसंकल्पीय २०२४-२५: १२० कोटी. सुधारित २०२४-२५: ७० कोटी. अर्थसंकल्पीय २०२५-२६: १३० कोटी. (हे आकडे समजावण्यापुरते.)

मंत्री म्हणतील, तरतूद १२० वरून १३० केली, आठ टक्के वाढ. खरं आहे. कुणी म्हणेल, ७० वरून १३०, जवळजवळ दुप्पट. तेही खोटं नाही. पण गेल्या वर्षी १२० ठेवून सुधारितात ७० वर आणलं, त्याआधी प्रत्यक्ष ६२ च खर्चले, हे बघितल्यावर १३० वर कितपत विश्वास ठेवायचा? आता मागच्या वर्षांच्या पुस्तिका काढा आणि २०२३-२४ ला मुळात किती ठेवले होते ते शोधा. ११५ असतील तर खर्च निम्म्याच्या जरा वर. असं तीन वर्षं ओळीने होत असेल तर मोठी तरतूद हा या योजनेचा फक्त दर्शनी भाग आहे, असं निःसंकोच लिहा.

म्हणून सवय अशी लावून घ्या: एका ओळीची किमान तीन वर्षं बघितल्याशिवाय एकही वाक्य लिहायचं नाही. तुलना नेहमी सारख्याची सारख्याशी, अर्थसंकल्पीय अंदाजाची अर्थसंकल्पीय अंदाजाशी किंवा प्रत्यक्षाची प्रत्यक्षाशी. बातम्यांमध्ये नव्या अंदाजाची तुलना कधी जुन्या अंदाजाशी तर कधी सुधारिताशी केलेली असते, आणि कुठली केली हे लिहिलेलं नसतं.

तरतूद म्हणजे हातात आलेले पैसे नव्हेत, हे ४ मे २०२० ला सगळ्यांनाच कळलं. टाळेबंदीत वित्त विभागाने जीआर काढून विकासकामांसाठी त्या वर्षीच्या तरतुदीच्या फक्त ३३ टक्के निधी देण्याचं ठरवलं. पुस्तिका दोन महिन्यांपूर्वीच मंजूर झाली होती आणि तिच्यातला एक आकडाही बदलला नव्हता. एरवी इतकं टोकाचं होत नाही. पण निधी टप्प्याटप्प्याने सुटणं आणि मार्चअखेरीस एकदम येणं नेहमीचं आहे. ३० मार्चला आलेला निधी ३१ मार्चच्या आत कसा खर्चायचा या विवंचनेत मुख्याध्यापक असतात, आणि खर्चता आला नाही तर ‘निधी परत गेला’ हे वाक्य ऐकू येतं. त्यासाठी बीम्स महिन्यातून एकदा बघा. सप्टेंबरअखेर वितरण किती, डिसेंबरअखेर किती, एवढं टिपून ठेवलं तरी वर्षाचा आलेख हाती येतो. वर्ष संपल्यावर महालेखापालांचे विनियोजन लेखे येतात. त्यात कुठल्या मागणीत किती पैसे खर्चाविना राहिले आणि विभागाने काय कारण दिलं ते छापलेलं असतं. कारणांचा रकाना जरूर वाचा.

पायरी ५: पगार बाजूला काढा, केंद्राचा वाटा वेगळा करा

ई-२ मधली बेरीज वाढली म्हणजे शाळा सुधारल्या असं होत नाही. दरवर्षी तीन टक्के वेतनवाढ आणि वर महागाई भत्ता, एवढ्यानेच पगाराची रक्कम आपोआप फुगते. सातवा वेतन आयोग महाराष्ट्रात जानेवारी २०१९ पासून प्रत्यक्ष पगारात आला, म्हणून २०१९-२० चे आकडे एकदम चढलेले दिसतात. त्या वर्षीची उडी नव्या वर्गखोल्यांची नव्हती.

पगारावरचा खर्च वायफळ, असा सूर काही विश्लेषणांत असतो. तो मला मान्य नाही. शाळा म्हणजे आधी शिक्षक. वर्गात माणूस नसेल तर रंगवलेली भिंत काही शिकवत नाही. पगार वेगळा काढायचा तो वेगळे प्रश्न वेगळे विचारता यावेत म्हणून. पगाराच्या बाजूला विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, शिक्षणसेवक (ठरावीक मानधनावर नेमलेले नवे शिक्षक) किती? २०२३ मध्ये शिक्षणसेवकांचं मासिक मानधन प्राथमिकला ६,००० वरून १६,०००, माध्यमिकला ८,००० वरून १८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० वरून २०,००० झालं. अशी वाढ आणि पवित्र या राज्याच्या शिक्षकभरती पोर्टलवरून झालेली भरती त्या-त्या वर्षीच्या आकड्यांत दिसलीच पाहिजे. दिसत नसेल तर कुठे बसवली ते शोधा. वेतनेतर बाजूला विचारा: खडू, वीजबिल, स्वच्छतागृह, दुरुस्ती, प्रशिक्षण यांना एकूण रकमेतले किती टक्के उरतात, आणि तो टक्का तीन वर्षांत वर गेला की खाली?

निवृत्त शिक्षकांचं निवृत्तिवेतन २२०२ मध्ये नसतं, ते २०७१ या शीर्षात जातं. दोन अभ्यासांचे आकडे जुळेनात तेव्हा हे कारण आधी तपासा.

आता केंद्राचा वाटा. समग्र शिक्षा २०१८-१९ मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-शिक्षण एकत्र करून सुरू झालं. पोषण आहार २०२१ पासून ‘पीएम पोषण’ नावाने चालतो. दोन्हींत केंद्र ६०, राज्य ४०. राज्याच्या पुस्तिकेत केंद्रहिस्सा आणि राज्यहिस्सा वेगळ्या ओळींत असतात. केंद्राचा हप्ता उशिरा आला की त्याच्या जोडीचा राज्यहिस्साही रेंगाळतो, आणि सुधारित अंदाजात दोन्ही ओळी एकदम खाली येतात. अशा वेळी दोष कुणाचा हे सांगण्याआधी प्रकल्प मान्यता मंडळाचं इतिवृत्त बघा: राज्याने किती मागितलं, केंद्राने किती मंजूर केलं, मागच्या वर्षीचे किती पडून होते. राज्याचा प्रकल्प महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद चालवते.

पायरी ६: मुलांच्या संख्येने भागा, पण कोणत्या मुलांच्या?

दर विद्यार्थी खर्च काढणं सोपं वाटतं. विभागाची तरतूद वर, राज्यातली सगळी मुलं खाली. हा भागाकार चुकीचा आहे. स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळेतल्या मुलाच्या शिक्षकाचा पगार राज्य देत नाही, मग त्याला भाजकात का धरायचं? यू-डायस प्लसमध्ये शाळांची व्यवस्थापनानुसार फोड मिळते. जिल्हा परिषद, पालिका, शासकीय आणि अनुदानित एवढ्यांचीच मुलं घ्या. अंशतः अनुदानित शाळा ही अडचणीची जागा आहे. पगाराला २०, ४०, ६० टक्के अनुदान अशा टप्प्यांवर त्या उभ्या असतात. त्यांचं काय केलंत ते तळटीपेत स्पष्ट लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला तुमचा हिशेब पुन्हा करून बघता येईल.

शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर खाजगी शाळांत शिकणारी मुलं हा अपवाद, कारण त्यांची फी राज्य भरतं. प्रतिपूर्तीचा दर १७,६७० रुपये आहे. करोनाच्या काळात, २०२०-२१ साठी, तो ८,००० वर आणला होता. प्रवेश घेतलेली मुलं गुणिले दर एवढी रक्कम तरतुदीत आहे का, हे तुम्ही पाच मिनिटांत पडताळू शकता. कमी असेल तर फरक थकबाकीत जातो, आणि शाळा त्या थकबाकीचं कारण पालकांना सांगते.

शेवटी महागाई. तरतूद पाच टक्क्यांनी वाढली आणि महागाईही तेवढीच असेल तर शाळेला गेल्या वर्षीइतक्याच वस्तू मिळणार. निदान एका वाक्यात हे नोंदवा.

काही पैसा ई-२ च्या बाहेर आहे. आश्रमशाळा आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागांकडे, अंगणवाड्या महिला व बालविकासकडे, जिल्हा परिषद शाळांच्या बऱ्याचशा खोल्या आणि दुरुस्त्या जिल्हा वार्षिक योजनेतून, म्हणजे जिल्हा नियोजन समितीकडून. मुंबई महापालिका आपल्या शिक्षण विभागाचं अंदाजपत्रक वेगळं मांडते. नवख्या वाचकाने पहिल्या वर्षी ई-२ एवढंच घ्यावं आणि तसं लिहावं.

पायरी ७: मार्चनंतरचं वर्ष

मार्चचं बजेट ही सुरुवात. जुलैच्या पावसाळी आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा रकमा, येतात, आणि शिक्षणातल्या कित्येक गोष्टी तिथेच ठरतात. अंशतः अनुदानित शाळांना पुढचा २० टक्के टप्पा देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. जुलै २०२५ च्या पुरवणी मागण्यांत त्यासाठी पैसे नाहीत हे दिसल्यावर राज्यभरचे शिक्षक पावसात आझाद मैदानावर येऊन बसले. शासन निर्णय हातात होता, मंत्रिमंडळाची मान्यता होती, फक्त लेखाशीर्षापुढे रक्कम नव्हती. कितीतरी वर्षं बिनपगारी वर्गावर उभ्या राहिलेल्या माणसांना तो फरक पुस्तिकेतल्या एका ओळीने शिकवला. तेव्हापासून कुठलाही जीआर वाचताना मी आधी शेवटच्या पानावर जातो. तिथे ‘हा खर्च मागणी क्रमांक… लेखाशीर्ष… खालील मंजूर तरतुदीतून भागवावा’ असं लिहिलंय का ते बघतो, मग तो आकडा पुस्तिकेत शोधतो.

उलटंही घडतं. शाळेतल्या आहारात आठवड्याला एक अंडं द्यायला २०२३ च्या शेवटी सुरुवात झाली. जानेवारी २०२५ मध्ये एका जीआरने त्यासाठीचा राज्याचा वेगळा निधी थांबला. बजेटच्या भाषणात ही गोष्ट शोधून सापडणार नाही.

पायरी ८: आपल्या शाळेच्या दारापर्यंत

इथवरचं सगळं काम ज्यासाठी, ते हे. राज्याचे दर घ्या आणि आपल्या शाळेचा हिशेब मांडा.

समजा, पहिली ते पाचवीची जिल्हा परिषद शाळा, ६० मुलं. समग्र शिक्षाच्या निकषात संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. म्हणजे या शाळेला वर्षाचे २५,०००. त्यात वीज, स्टेशनरी, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता. महिन्याला दोन हजार आणि थोडे वर. गणवेश: दोन जोड्यांचे ६०० रुपये प्रमाणे ३६,०००. आहार: मे २०२५ पासून प्राथमिकचा साहित्य खर्च एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे किमान २०० दिवस धरले तर ६० × २०० × ६.७८ = ८१,३६० रुपये; त्यात राज्याचा वाटा ३२,५४४. तांदूळ केंद्राकडून, तो वेगळा.

या तीन बेरजा घेऊन समितीच्या बैठकीत बसा आणि रोकडवही शेजारी ठेवा. काय आलं, कधी आलं, किती कमी आलं? कायद्याच्या कलम २१ ने अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवण्याचं काम शाळा व्यवस्थापन समितीलाच दिलंय, त्यामुळे कागद मागताना संकोच नको. पटावर २९ मुलं असलेल्या वाडीवरच्या शाळेला १०,००० मिळतात आणि ३१ मुलं असली की २५,०००. वीजबिल मात्र दोघींना सारखंच येतं. असा निकष कुठे दुखतो हे राज्याच्या बेरजेत दिसत नाही, ते समितीच्या बैठकीत कळतं. आणि शाळा विकास आराखडा याच कायद्याच्या कलम २२ खाली समितीने करायचा असतो; तुमची मागणी त्यात लिहिलेली नसेल तर ती वरच्या कुठल्याच कागदात पोचत नाही.

शाळेत उत्तर मिळालं नाही तर पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारा, तिथून जिल्हा परिषदेत. त्यापुढे माहितीचा अधिकार: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात ‘शिक्षणावर किती खर्च झाला’ असं मोघम लिहू नका. लेखाशीर्ष, आर्थिक वर्ष, तालुका आणि ‘प्राप्त निधी, प्राप्त झाल्याचा दिनांक, खर्च, शिल्लक’ असे चार रकाने आखून द्या. उत्तर देणाऱ्या कारकुनालाही ते सोपं जातं.

सभागृहात प्रश्न न्यायचा असेल तर कुणाकडे जायचं हे ठरवताना एक गोष्ट लक्षात घ्या. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आणि पदवीधरांचे सात आमदार आहेत. शिक्षणाचे विषय ते जाणतात आणि चर्चेत मांडतात. पण अनुदानाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं, आणि कपात सूचनाही, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्तावही, तिथेच देता येते. म्हणून टिपण दोघांना द्या: शिक्षक आमदारांना आणि आपल्या विधानसभा मतदारसंघाच्या आमदारांना. टिपण एका पानाचं असावं. वर लेखाशीर्ष, खाली तीन वर्षांचे चार रकाने, त्याखाली तालुक्यातल्या दोन-तीन शाळांचा प्रत्यक्ष हिशेब, आणि शेवटी एकच प्रश्न. मागण्यांवरची चर्चा भाषणानंतर काही दिवसांतच सुरू होते आणि वेळ संपला की उरलेल्या विभागांच्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकल्या जातात. त्यामुळे जुन्या वर्षांचे रकाने फेब्रुवारीतच भरून ठेवा; मार्चमध्ये फक्त शेवटचा रकाना लिहायचा राहील.